फॉन्ट कन्व्हर्टर थांबवतोय, टेबलं मात्र नव्या जागी चालू

सरळ मुद्द्यावर येतो. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, आणणारं माझं जे ओपन सोर्स कन्व्हर्टर आहे, जे जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे आणि अहिराणीत लिहिणाऱ्या कितीतरी जणांकडे आहे, त्याचं विंडोजचं ॲप मी थांबवतोय. नवीन एक्सई, म्हणजे ॲपची चालवायची फाइल, येणार नाही, जुन्या एक्सईमध्ये काही बिघडलं तर दुरुस्ती येणार नाही, आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचं रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं कपाट, फक्त वाचण्यापुरतं राहील. पण त्यातला खरा माल म्हणजे फॉन्टची टेबलं (जुन्या फॉन्टातली कुठली खूण म्हणजे कुठलं मराठी अक्षर याचे तक्ते) आणि ती तपासायची वाक्यं, तो कोडबर्ग या तशाच दुसऱ्या साइटवर नव्या रेपोत गेलाय आणि तिथे तो चालूच राहणार आहे, मी एकटा नाही तर आम्ही तिघं मिळून बघणार आहोत.

थांबवतोय म्हणलं की लोकांना वाटतं सगळंच गेलं. मागच्या आठवड्यात चोपड्याकडच्या एका प्रेसवाल्या दादांचा मेसेज आला, "भाऊ, तुम्ही ते बंद करी ऱ्हायनात का? मंग आमनं कसं व्हई?" तेव्हा ठरवलं की नीट सगळं लिहून टाकू, काय थांबतंय, काय चालू राहतंय, आणि हे असंच का केलं.

आधी हे टूल करतं काय ते सांगतो, कारण ज्यांनी मोबाइलवरच मराठी टाइप करायला सुरुवात केली त्यांना हा प्रश्न कधी भेटलेलाच नसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे, क म्हणजे क, कुठल्याही मशीनवर कुठल्याही फॉन्टात. पण आपल्याकडे प्रेसमध्ये कॉम्प्युटर आले ते विंडोज ९५ आणि ९८ चे, त्यात युनिकोड देवनागरी चालायची सोयच नव्हती, मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवरच मराठी आकार बसवले. कृतिदेवमध्ये स्क्रीनवर 'मराठी' दिसतं ना, ते फाइलीत खरं म्हणजे ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर ते मराठी, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची रांग, आणि सर्च केलं तर काहीच सापडत नाही कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच. श्रीलिपीचं टेबल वेगळं, सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधल्या फॉन्टचं वेगळं, प्रत्येकाचं आपलं आपलं. आपल्या भागातली वीस-पंचवीस वर्षांची लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, भजनांच्या वह्या, कवितासंग्रह, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, हे सगळं अशा फाइलींमध्ये पडून आहे.

नुसतं या अक्षराच्या जागी ते अक्षर करायचं असतं तर एका दुपारचं काम होतं. गंमत वेलांटीत आणि रफारात आहे. जुन्या फॉन्टात अक्षरं जशी डोळ्याला दिसतात तशी डावीकडून उजवीकडे ठेवलेली असतात, आणि युनिकोडमध्ये ती जशी बोलली जातात त्या क्रमानं लागतात. 'आर्थिक' हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडमध्ये आ, मग र, मग हलंत, मग थ, आणि त्यानंतर वेलांटी, मग क. म्हणजे वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि रफार उचलून मागे आणायचा, तेही मधे जोडाक्षर किती लांब आहे ते बघून. 'राष्ट्रीय', 'वर्ल्ड', 'मूर्च्छित' असल्या शब्दांवर भल्या भल्या कन्व्हर्टरांचा घोळ होतो.

आणि मग आपला ऱ्ह. इंटरनेटवर मिळणारी कृतिदेवची बरीचशी कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली आहेत, हिंदीत अर्ध्या र ची ती चंद्रकोरीसारखी खूण लागतच नाही. मराठीत 'सुऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यात ती येते, पण अहिराणीत ती पावलोपावली येते, ऱ्हास, ऱ्हायना, करी ऱ्हायनात, एका पानात दहा-दहा वेळा. हिंदी कन्व्हर्टरमधून काढलं की सगळीकडे 'र्हायना' होतं, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि दीडशे पानांचं पुस्तक असेल तर दीडशे पानं हातानं दुरुस्त करत बसा. या एका कारणासाठी मी हे टूल सुरू केलं होतं. आजही मला सगळ्यात जास्त समाधान याच गोष्टीचं आहे की अहिराणीचं पान आत टाकलं तर अहिराणीचंच पान बाहेर येतं.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ही कुणी सांगत नाही. 'ॲडव्होकेट' मधला ॲ. याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत, त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत आणि नेहमीच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणायच्या ठरलेल्या प्रक्रियेनं सुद्धा ते एक होत नाहीत. एका वकीलसाहेबांकडे जुने हजारो कागद होते, निम्मे सर्चमध्ये सापडायचे निम्मे नाही, कारण हेच. आमच्या टेबलात ते आता एकाच रूपात येतं.

मग चांगलं चालतंय तर थांबवायचं का, हा प्रश्न सगळे विचारतात.

मजकूर बदलायचं जे मुख्य काम, त्यात गेली काही वर्षं फार बदल लागलेलाच नाही. सगळा वेळ जातो तो त्याच्याभोवतीच्या वेष्टनात. ॲप पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे आणि त्याची एक्सई बनवून मी देतो. आता ज्यांना हे लागतं त्यांच्याकडच्या मशीन कुठल्या? पेजमेकर ७ चालवणाऱ्या. ते २००१ सालचं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, त्यानंतर ॲडोबीनं पेजमेकरचं नवीन व्हर्जन काढलंच नाही, पण आपल्याकडे प्रेसवाल्यांचा हात त्यावर बसलेला आहे, सगळे जुने जॉब त्यात आहेत, म्हणून मशीन पण विंडोज ७ चीच जपून ठेवलेली असते. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन म्हणजे ३.८, आणि त्याच्या सिक्युरिटी दुरुस्त्या २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थांबल्या. म्हणजे माझ्या वापरणाऱ्यांसाठी मला मुद्दाम जुनं पायथन, त्यासाठी जुन्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड, त्या बनवायला जुनं मशीन असं सगळं धरून बसावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे विंडोज ११ आलंय त्यांना ती एक्सई उघडताना इशारा येतो, कारण त्यावर डिजिटल सही, म्हणजे ही फाइल कुणी बनवली याचा पुरावा, नाही.

सहीचं पण ऐका. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट मुदत संपली की पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि २०२३ च्या जूनपासून त्याची चावी हार्डवेअर टोकनमध्येच किंवा तशाच सुरक्षित यंत्रात ठेवायची सक्ती आहे. फुकट टूल देणाऱ्या एकट्या माणसाला हे परवडत नाही, आणि सही नसली की अँटिव्हायरस कधीही उठून फाइल उचलतो. पायथनच्या अशा एका फाइलीत बांधलेल्या एक्सईंना व्हायरस समजणं ही जगभरची जुनी तक्रार आहे. अमळनेरच्या एका ताईंनी रात्री अकराला फोन केला होता, सकाळी पत्रिका छापायला जायची होती आणि ॲप मशीनवरून गायब. त्यांना मी तिथल्या तिथे फाइल मागवून बदलून दिली, पण असं किती दिवस आणि किती जणांना. जो प्रोजेक्ट एका माणसाच्या फोनवर उभा आहे तो त्या माणसाच्या तब्येतीवर पण उभा आहे, आणि हे मला बरोबर वाटत नाही, ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांच्या बाजूनं विचार केला तर अजिबातच नाही.

शिवाय गरज पण बदललीय. नवीन मजकूर आता बहुतेक सगळे युनिकोडमध्येच टाइप करतात. मागे आहे तो साठा, तो काढायचा आहे, आणि साठा काढायला रोजचं ॲप लागत नाही, बरोबर टेबल लागतं.

या प्रोजेक्टनं एकदा जागा बदललेली आहे हे नव्या लोकांना माहीत नसेल. सुरुवातीला तो गूगल कोडवर होता. २०१५ च्या मार्चमध्ये गूगलनं ती सेवा बंद करणार असं जाहीर केलं, ऑगस्टमध्ये ती फक्त वाचण्यापुरती झाली आणि २०१६ च्या जानेवारीत बंद. तेव्हा गिटहबवर न्यायचं बटण दिलेलं होतं, काम झालं. पण तेव्हाच डोक्यात बसलं की कोड जिथे ठेवतो ती जागा आणि कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिट हे कोडचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये केलं ते मुळात असंच केलं की प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट प्रत असते, मधली कुठलीही कंपनी त्याला लागत नाही. गिटहब त्यानंतर २००८ ला आलं आणि २०१८ ला मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. माझं गिटहबशी भांडण नाही, इतकी वर्षं फुकट जागा वापरली. पण आता टेबलं अशा ठिकाणी असावीत जिथे ती ठेवणं हाच त्या ठिकाणाचा मूळ उद्देश आहे असं मला वाटत होतं. कोडबर्ग ही बर्लिनला नोंदवलेली संस्था आहे, आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयासारखी सभासदांची, नफ्यासाठी नाही, २०१८ पासूनची, आणि तिथे मोकळ्या लायसन्सचेच प्रोजेक्ट ठेवता येतात. तिचं सॉफ्टवेअर फोर्जेओ, ते पण ओपन सोर्स, उद्या पाहिजे तर आपण स्वतःच्या सर्व्हरवर तेच टाकू शकतो.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. प्रोजेक्ट थांबवणार असं दोन-चार ठिकाणी बोलल्यावर लगेच दोन ईमेल आले. एकानं म्हणलं मला मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, करा, मी पुढे चालवतो, माणूस कोण, कुठला, मराठी वाचता येतं का, काहीच कळत नव्हतं, आधीचं एकही काम दिसत नव्हतं. दुसऱ्यानं तर डाउनलोडचं पान आणि डोमेन विकत मागितलं. दोघांनाही नाही म्हणलं आणि त्याबद्दल मला जराही शंका नाही. अरे, शेत बटाईनं द्यायचं तरी माणूस चार ठिकाणी विचारतो, आणि इथे तर चावी दिली की शेकडो दुकानांच्या मशीनवर माझ्या नावानं काय पण उतरवता येतं.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये, झालेलं आहे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाची जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, मूळ माणसाला वेळ नव्हता, कुणीतरी मदतीला आलं, त्यानं चांगल्या मनानं हक्क देऊन टाकले, आणि नव्या माणसानं त्यात बिटकॉइनची पाकिटं चोरणारा कोड घातला. आणि २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तर त्याहून भारी. तिथे एक अनोळखी नाव दोनेक वर्षं नीट काम करत राहिलं, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला, आणि मग मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड म्हणून एक इंजिनीअर, त्याला एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि तो खोदत गेला म्हणून जग वाचलं. थकलेला मेंटेनर हेच तिथे दार होतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की ओळखीचं, कामातून पारखलेलं माणूस नसेल तर प्रोजेक्ट कुणाला देऊ नये, सरळ कुलूप लावावं आणि कुलूप लावलंय असं मोठ्या अक्षरात लिहावं. कोड मोकळाच आहे, ज्याला पुढे न्यायचाय त्यानं फोर्क करावा, म्हणजे आपली वेगळी प्रत काढावी, स्वतःच्या नावानं चालवावा, लोक त्याचं काम बघून ठरवतील.

टेबलं मात्र ओळखीच्या हातात गेली. एक शिरपूरचे सर आहेत, त्यांनी इतक्या वर्षांत श्रीलिपीच्या टेबलातल्या चुका शोधून शोधून पाठवल्या. दुसरी पुण्यात नोकरी करणारी आमच्या भुसावळची मुलगी, तपासणीची वाक्यं बहुतेक तिनं लिहिली. या दोघांच्या हातात चावी द्यायला मला कुणाला विचारावं लागलं नाही.

विचारावं लागलं ते लायसन्ससाठी. मूळ प्रोजेक्ट जीपीएल ३ खाली होता, म्हणजे बदलून वाटलं तर तो कोडही मोकळाच ठेवायचा, ते ठीकच होतं, पण टेबल ही गोष्ट अशी आहे की ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसावी, विकाऊ असो की फुकट, वर्डचं ॲड-इन असो की कुण्या वर्तमानपत्राची आतली सिस्टिम. म्हणून टेबलं आणि वाक्यं सीसी झिरोखाली आणायची असं ठरवलं, म्हणजे कुणीही काहीही करा, विचारू नका. पण ज्यांनी ज्यांनी त्यात भर घातली त्या प्रत्येकाची परवानगी पाहिजे. काही जण म्हणाले नुसती यादीच तर आहे, तिला कसला कॉपीराइट. आपल्या १९५७ च्या कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येतच कॉम्प्युटर प्रोग्रॅम, तक्ते आणि संकलनं सरळ शब्दांत लिहिलेली आहेत. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा विचारलेलं बरं.

बाकी सगळ्यांनी एका ओळीत हो म्हणून कळवलं. राहिले ते धुळ्याचे आप्पा. आप्पांनी आयुष्याची सुरुवात शिशाचे खिळे जुळवण्यापासून केली, मग फोटो टाइपसेटिंग, मग डीटीपी, आणि एका जुन्या फॉन्टचं अख्खं टेबल त्यांनी मला वहीत हातानं लिहून दिलं होतं, कुठली कळ दाबली की कुठला तुकडा येतो, कुठल्या दोन तुकड्यांनी मिळून झ होतो, ण ची काठी कुठे आहे, सगळं. त्या फॉन्टची दुसरी माहिती मला कुठेच मिळाली नव्हती. आप्पा आता नाहीत. कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणून मी त्यांच्या मुलाकडे गेलो. कागद काढून समजावून सांगितलं, हे वडिलांचं काम आहे, ते सगळ्यांसाठी मोकळं करायचंय, तुमची सही लागेल, पैसे कुणालाच मिळणार नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, यात वडिलांचं नाव राहील का, आणि त्यांच्याकडे आप्पांच्या अजून दोन वह्या आहेत त्या लागतील का. सीसी झिरोत नाव लावायचं बंधन नसतं, पण आम्ही त्या टेबलाच्या फाइलीत सुरुवातीलाच आप्पांचं नाव आणि ते काय काम करायचे ते लिहिलंय, आणि ते काढायचं नाही असं आम्हा तिघांचं ठरलंय. वह्यांचे फोटो काढून झालेत. त्यातली एक वही अशा फॉन्टची आहे ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

हे परवानग्यांचं काम ज्यांच्या प्रोजेक्टात चार जणांनी हात लावलाय त्या सगळ्यांना मी सांगेन, माणसं आहेत तोवर करून घ्या.

प्रत्यक्ष हलवणं सोपं निघालं. गिटचा इतिहास मिरर क्लोन करून (पूर्ण प्रत उतरवून) मिरर पुश केला (नव्या जागी तशीच चढवली) की कोडच्या सगळ्या शाखा आणि आवृत्त्यांच्या खुणा, म्हणजे ब्रँच आणि टॅग, जसेच्या तसे जातात. इश्यू, म्हणजे लोकांनी कळवलेल्या चुका आणि त्यावरची चर्चा, गिटमध्ये नसतात हे लक्षात ठेवा, ते त्या जागेच्या डेटाबेसमध्ये असतात, पण कोडबर्गच्या मायग्रेशनमध्ये ते घेता येतात आणि आमचे इश्यू नंबरासकट आले. त्यात बरंच सोनं आहे, कोणत्या फाइलीत कोणतं जोडाक्षर का चुकलं याची सगळी चर्चा. गिटहबवर आर्काइव्ह, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, करायच्या आधी मी रीडमी, म्हणजे रेपोचं पहिलं माहितीपान, बदलून वर नवीन पत्ता टाकला, उघड्या इश्यूंवर उत्तरं दिली, आणि मग बटण दाबलं, हा क्रम पाळायचा, कारण आर्काइव्ह झाल्यावर तिथे काही लिहिता येत नाही. सॉफ्टवेअर हेरिटेजला पण दोन्ही रेपो जतन करायला सांगितले, फ्रान्सच्या इन्रियानं २०१६ मध्ये सुरू केलेला तो जगभरच्या सोर्स कोडचा संग्रह आहे, तिथे एकदा गेलं की पुढेमागे कोडबर्ग राहो न राहो.

पायथनचं पॅकेज पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावरून काढलं नाही, आर्काइव्ह केलंय. काढून टाकणं म्हणजे जे वापरतायत त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढणं. २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तशाच साठ्यावरून लेफ्ट-पॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी मागे घेतली गेली आणि जगभर मोठमोठ्या प्रोजेक्टांचे बिल्ड पडले, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनेनासे झाले. शिवाय पायपीआयवर नाव मोकळं झालं की दुसरं कुणीही तेच नाव घेऊन काहीही टाकू शकतं. डोमेनचं पण तेच, म्हणून ते मी सोडत नाहीये, त्याची फी भरत राहणार आणि ते नव्या पत्त्याकडे वळवून ठेवणार, कारण सोडलेल्या डोमेनवर उद्या जुगाराचं पान दिसलं तर जुन्या पुस्तिकांत छापलेला पत्ता बघून जाणारा माणूस तिथे पोचेल.

पण खरं सांगू, हे सगळं रेपोचं झालं. आपल्याकडच्या नव्वद टक्के वापरणाऱ्यांनी गिटहब कधी उघडलेलंच नाही. त्यांना एक्सई मिळाली ती व्हॉट्सॲपवरून नाहीतर शेजारच्या दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरून. रीडमीमध्ये लिहिलेलं त्यांच्यापर्यंत कधीच जाणार नाही. म्हणून शेवटचं काम म्हणून कन्व्हर्टरची एक साधी एचटीएमएल फाइल केली, टेबलं, कोड सगळं त्या एकाच फाइलीत, इंटरनेट लागत नाही, इन्स्टॉल करायचं नाही, डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये उघडते. मुद्दाम जुन्या पद्धतीचं जावास्क्रिप्ट वापरलं, विंडोज ७ वरच्या शेवटच्या क्रोममध्ये, म्हणजे १०९ मध्ये चालते, फायरफॉक्स ११५ मध्ये चालते, आणि त्यात सही-बिही काही लागत नाही. ब्राउझर ही गोष्ट इतकी मागची वेबपानं सांभाळून घेते की ही फाइल मी नसलो तरी खूप वर्षं उघडत राहील असा मला विश्वास आहे. मजकूर मशीनच्या बाहेर जात नाही, हे वकिलांच्या टायपिस्टसाठी फार गरजेचं होतं.

ती फाइल घेऊन मी जळगावात गोलाणी मार्केटला दुकानं फिरलो, धुळ्यात फिरलो, अमळनेरला गेलो. २०२४ ला अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं त्याच्या आधी तिकडच्या बऱ्याच लिहिणाऱ्यांनी आपली जुनी पुस्तकं नव्यानं काढायला घेतली होती, तेव्हापासून तिथे वापर वाढलेला आहे. प्रत्येक दुकानात जुनी एक्सई काढली, नवीन फाइल डेस्कटॉपवर ठेवली, त्यांच्याच एखाद्या फाइलीतलं एक पान समोर बदलून दाखवलं. एका ठिकाणी तर म्हातारे मालक म्हणाले, ते सगळं ठीक, पण यात ते हिरवं बटण कुठंय, आधीच्यात हिरवं होतं. त्याच संध्याकाळी बटण हिरवं केलं. पाच वर्षं ज्या हातांना एका जागेची सवय आहे त्यांना तीच जागा द्यायला काय जातं.

नंदुरबारकडे अजून जायचंय, तळोदा-शहाद्याकडच्या लोकांनी थोडं थांबा. तोवर कुणी जुनी एक्सई पाठवली तर घेऊ नका, गिटहबवरच्या रिलीजमधून मी एक्सई काढून टाकल्यात, त्यामुळे आता कुठूनही एक्सई आली तर ती माझ्याकडून आलेली नाही असंच समजा. एचटीएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून कुणालाही वाचता येते, सगळ्यात वर तिची तारीख आणि कोडबर्गचा पत्ता आहे.

राहिलेलं काम टेबलांचं आहे आणि त्यात मदत पाहिजे. आप्पांच्या वहीतल्या त्या अनोळखी फॉन्टमधली एखादी खरी फाइल कुणाकडे असेल, धुळे-साक्री भागात २००० च्या आसपास छापलेली पत्रिका, स्मरणिका, काहीही, तर हवी आहे. नुसती छापील प्रत असून भागत नाही, फाइल पाहिजे, फ्लॉपीवर असली तरी चालेल, शिरपूरच्या सरांकडे चालू ड्राइव्ह आहे. सोबत त्याच पानाची छापील प्रत असेल तर फारच उत्तम, म्हणजे मशीननं काढलेलं आणि छापलेलं शेजारी ठेवून बघता येतं. अहिराणीतलं काही असेल तर ते आधी घेऊ.